अंतराळात ढाबा चालत नाही म्हणे!

दिवाळीच्या सुटीत भाचा उमरखेडला आला होता. पुण्यात ॲनिमेशन शिकतो, त्यामुळे घरातल्या टीव्हीवर काय लावायचं याचा निकाल आता तोच देतो. मी म्हटलं, मुंबईच्या स्टुडिओनं केलेलं ते ‘स्टार वॉर्स’ लाव बा, पुन्हा पाहायचंय. त्याचा चेहरा असा झाला, जणू मी लग्नाच्या पंगतीत ठेचा-भाकर मागितली. “मामा, काहून लाज काढता? अंतराळात ढाबा राहते का? आगगाडी राहते का? ते स्टार वॉर्स नाहीच. आपल्या हायवेवरचं काहीतरी उचललं अन् वरून लेझर लावले.”

भाचा एकटा असता तर मी हसून सोडून दिलं असतं. पण हा आक्षेप मी २०२३ पासून ऐकतो आहे, आणि तो करणारे सगळे आपलेच. स्टार वॉर्सचे भाग तोंडपाठ असणारी, कुठल्या जहाजाला किती इंजिनं ते सांगू शकणारी हुशार पोरं. परक्या देशातल्या कुणी नाक मुरडलं असतं तर मला इतकं झोंबलं नसतं.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. ‘स्टार वॉर्स: व्हिजन्स’ ही सुट्या ॲनिमेशनपटांची मालिका. पहिला सीझन २०२१ मध्ये आला, तो सगळा जपानी स्टुडिओंचा. ४ मे २०२३ ला आलेल्या दुसऱ्या सीझनसाठी लुकासफिल्मनं नऊ देशांतल्या मंडळींना बोलावलं होतं: आयर्लंड, चिली, स्पेन, दक्षिण आफ्रिका, कोरिया वगैरे. भारताच्या वाट्याचा भाग मुंबईच्या ‘८८ पिक्चर्स’नं केला. नाव ‘द बँडिट्स ऑफ गोलाक’, दिग्दर्शक इशान शुक्ला, संगीत स्नेहा खानवलकरचं. चारुक नावाचा मोठा भाऊ आणि राणी नावाची चिमुरडी बहीण साम्राज्याच्या शिपायांपासून पळताहेत. पोरीच्या अंगात ती ‘फोर्स’ नावाची शक्ती आहे, म्हणून तिच्या जिवावर बेतलंय. दोघं आगगाडीतून निसटतात, एका ढाब्यावर पोचतात, मागोमाग लाल तलवारीचा मारेकरी येतो. आणि ढाब्यावरची म्हातारी, रुगल तिचं नाव, निघते लपून राहिलेली जेडाय, म्हणजे त्या फोर्सनं लढणारी योद्धी. म्हातारीला आवाज लिलेट दुबेंचा. सगळं मिळून पंधरा-वीस मिनिटांत आटपतं.

तर, अंतराळात आगगाडी चालत नाही.

हा आक्षेप घेणाऱ्यांनी आधी ‘स्पेस ऑपेरा’ या शब्दाची जन्मपत्रिका काढून पाहावी. अमेरिकेत घोड्यावरच्या पिस्तूलबाजांचे स्वस्त सिनेमे निघायचे, त्यांना चेष्टेनं ‘हॉर्स ऑपेरा’ म्हणत. १९४१ मध्ये विल्सन टकर नावाच्या विज्ञानकथावेड्या माणसानं त्याच चालीवर ‘स्पेस ऑपेरा’ हा शब्द पाडला. शिवी म्हणूनच: तीच घोडेस्वारी, तेच दरोडे, घोड्याच्या जागी यान. म्हणजे दरोडेखोर आणि लुटली जाणारी गाडी हे या घराण्यातले पाहुणे नव्हेत, घरमालक आहेत. यान नंतर आलं. ज्या प्रकाराचा पणजोबा आगगाडीवर दरोडा घालत होता, त्याच्या पणतवंडाला तुम्ही विचारता की तू आगगाडीत काय करतोस?

“पण हे तर शोले झालं.” झालं असेल. शोले कुठून आला? ‘शोले’ १९७५ चा. त्याच्या मागे १९६० चा अमेरिकन ‘मॅग्निफिसेंट सेव्हन’, त्याच्या मागे १९५४ चा अकिरा कुरोसावाचा ‘सेव्हन सामुराय’. पहिल्या ‘स्टार वॉर्स’मधले दोन भांडकुदळ यंत्रमानव ज्या दोन शेतकऱ्यांवर बेतले, ते कुरोसावाच्याच ‘हिडन फोर्ट्रेस’मधले, १९५८ चे, खुद्द जॉर्ज लुकासनं ते सांगितलं आहे. एवढ्यावर थांबत नाही. ‘क्लोन वॉर्स’ या ॲनिमेशन मालिकेच्या दुसऱ्या सीझनमध्ये एक भाग आहे. औषधी वनस्पती पिकवणारे शेतकरी, त्यांचं पीक लुटायला येणारे चाचे, आणि पीक वाचवायला ठेवलेले भाडोत्री लढवय्ये. भागाच्या सुरुवातीला कुरोसावाला आदरांजलीची पाटी आहे. भाच्याचा हा लाडका भाग. हळदीच्या तालुक्यात राहून मलाही तो आवडतो, व्यापारी आणि चाचे यांतला फरक त्यात जरा जास्तच स्पष्ट दाखवलाय एवढंच. सांगायचं असं की रामगढ आणि ही आकाशगंगा चुलतभावंडं आहेत. एकाला ‘क्लासिक’ आणि दुसऱ्याला ‘कॉपी’ म्हणायचं, तर भावकीच्या वाटणीत कोण खोटं बोलतंय ते उघड आहे.

आता आगगाडीचंच पुढे बोलू, कारण इथं मला थोडं रेंगाळायचंय.

जपानच्या उत्तर भागात हानामाकी नावाचं गाव आहे. तिथं केंजी मियाझावा नावाचा शेतकी शाळेतला शिक्षक होता. शेतकऱ्यांना खतं कोणती घालावी ते सांगत फिरायचा, आणि फावल्या वेळात लिहायचा. १९३३ मध्ये ऐन तिशीत वारला. मागे राहिलेल्या कागदांत एक गोष्ट सापडली: एक गरीब मुलगा रात्री टेकडीवर निजतो आणि आकाशगंगेतून धावणाऱ्या आगगाडीत जागा होतो. त्या गाडीचं मूळ गावाजवळून जाणाऱ्या छोट्या इवाते रेल्वेत मानलं जातं. या गोष्टीची सावली पुढे लेइजी मात्सुमोतोच्या ‘गॅलेक्सी एक्स्प्रेस ९९९’ वर पडली. आधी १९७७ ला चित्रकथा, पुढच्या वर्षी टीव्हीवर. कोळशाचं काळं इंजिन, मागे डबे, आणि ही गाडी ताऱ्याताऱ्याला थांबे घेत जाते. अवकाशातल्या ॲनिमेशनमध्ये याहून मानाचं पान क्वचित कुणाला असेल. भाच्याच्या वसतिगृहातल्या भिंतीवर त्या गाडीचं चित्र आहे, त्यानंच मला फोनवर दाखवलं होतं.

आता त्या इवातेच्या रुळांचं माप ऐका: अडीच फूट. आणि आपल्या यवतमाळ–मूर्तिजापूर शकुंतला गाडीच्या रुळांचं माप? अडीच फूट! तीच नॅरोगेज, तसलीच खेड्यापाड्यांतून हळूहळू जाणारी गाडी. आपली कापसासाठी घातलेली, १९९४ पर्यंत कोळशाच्या इंजिनावर धावलेली. एका शेतकी मास्तरानं आपल्या अडीच फुटी गाडीला आकाशगंगेत नेलं. आपण आपल्या गाडीवर विनोद केले, की उतरून लघवी करून पुन्हा चढता येतं. विनोद मीही केलेत. पण मुंबईच्या एका स्टुडिओनं पहिल्यांदा गाडी वर नेली, तर ‘गाडी शोभत नाही’ हे तरी आपण म्हणू नये. उमरखेडकरांनी तर मुळीच नाही. वर्धा–नांदेड रेल्वेची वाट पाहण्यात इथल्या पिढ्या गेल्या. आमच्यासाठी रेल्वे ही अजूनही विज्ञानकथाच आहे.

मला खरा राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. त्याच सीझनमधला आयर्लंडचा भाग या सगळ्या मंडळींना आवडला. मलाही आवडला, उत्तमच आहे. तो केला ‘कार्टून सलून’नं, किलकेनी नावाच्या, उमरखेडपेक्षा लहान गावात बसून. त्यातली किंचाळणारी गुहा म्हणजे आयरिश आजीबाईच्या गोष्टीतली भुताटकी, जशीच्या तशी. कुणी म्हणालं का, की हे फार आयरिश झालं? चिलीच्या भागात तिथल्या मूळ रहिवाशांचं दुःख आहे, पाणी नासवणारं साम्राज्य आहे. ते ‘हृदयस्पर्शी’. स्टार वॉर्सचा नायक ल्यूक, खुद्द त्याचं घर, ते जमिनीतलं गोल खड्ड्याचं घर, ट्युनिशियातल्या मातमाता गावात आहे. बर्बर लोक तशा घरांत पिढ्यानुपिढ्या राहत आले. १९८३ च्या ‘रिटर्न ऑफ द जेडाय’मध्ये लँडो या वैमानिकाशेजारी बसून यान चालवणारा तो थुलथुलीत गालांचा परग्रहवासी जे बोलतो, ती पूर्व आफ्रिकेतली भाषा. आवाज एका केनियन विद्यार्थ्याचा. केनियात सिनेमा लागला तेव्हा प्रेक्षकांना परग्रहवासी काय बोलतोय ते चक्क कळलं, आणि थिएटरात आनंदीआनंद झाला. त्यांनी खाली मान घातली नाही, हे ध्यानात घ्या. ट्युनिशियाचं घर चालतं, केनियाची बोली चालते, आयर्लंडचं भूत चालतं. नांदेड रोडवरचा ढाबा तेवढा चालत नाही. पिकतं तिथं विकत नाही, ही म्हण ज्यानं केली त्यानं आमची गिऱ्हाइकं पाहिली असावीत.

हे लिहिताना दुसऱ्या बाजूची मंडळी टाळ्या वाजवताना दिसतात, तेव्हा त्यांनाही दोन शब्द. हे लोक म्हणतात, अहो, स्टार वॉर्समध्ये आपलं आधीपासून आहेच की! १९९९ च्या ‘फँटम मेनेस’मध्ये शेवटच्या द्वंद्वाला जॉन विल्यम्सनं जो कोरस लावलाय तो संस्कृतात आहे. खरं आहे, आहेच. पण ते संस्कृत कसं आलं? एका जुन्या वेल्श कवितेच्या इंग्रजी रूपातल्या ओळी घेतल्या, त्यांचं संस्कृत केलं, आणि मग सुरात बसतील तशी अक्षरं मांडली. संस्कृतचा पंडित बसवला तरी अर्थ लागायचा नाही. विल्यम्सला नाद हवा होता, तो त्यानं घेतला, धून अफाट आहे, तक्रार नाही. पण ज्यात आपला अर्थच नाही त्याचा अभिमान, आणि ज्यात आपला अर्थ आहे त्याची लाज, हे कुठलं गणित? अभिमानवाले आणि लाजवाले हे दोन पक्ष आहेत असं मला वाटायचं. एकाच घरातले सासू-सुना आहेत ते.

‘कॅनन’चा आक्षेप मात्र मी दोन ओळींत निकालात काढतो. व्हिजन्स अधिकृत कथेत धरत नाहीत, म्हणून त्याला किंमत नाही म्हणे. अधिकृत म्हणजे काय? डिस्नेनं २०१२ मध्ये लुकासफिल्म विकत घेतली आणि २०१४ मध्ये आधीच्या शेकडो कादंबऱ्या-चित्रकथा एका निवेदनासरशी अनधिकृत झाल्या. हे सातबाऱ्यावरचं नाव आहे, त्यावरून पीक कसं आलं ते कळत नाही. आणि आपण कोण? मोरोपंतांनी एकशे आठ रामायणं रचली असं परंपरा सांगते. त्यांना कुणी विचारलं नाही की पंत, यातलं कॅनन कोणतं.

उरला तो आक्षेप खरा विचार करण्यासारखा आहे, आणि तो भाच्यानंच शेवटी काढला. शिकतोय पोरगा, फी वाया जात नाहीये. म्हणाला, “मामा, ढाबा, डाकू, फेटे, वाळवंट. हे आपण गोऱ्या लोकांना पाठवलेलं पोस्टकार्ड आहे. त्यांना जो भारत पाहायचाय तोच आपण दाखवला. याच्यात खरं काय आहे?”

डाकूपासून सुरू करतो. पैनगंगेच्या पलीकडे, नांदेड जिल्ह्यात उमरी गाव आहे. ३० जानेवारी १९४८ ला तिथली बँक लुटली गेली. कुणी लुटली? हैदराबाद मुक्तिसंग्रामातल्या कार्यकर्त्यांनी, लढ्याला पैसा हवा म्हणून. निजामाच्या दप्तरी ते दरोडेखोर, आपल्या पाठ्यपुस्तकात स्वातंत्र्यसैनिक. ‘गोलाकचे डाकू’ या नावात भाच्याला शोलेतला गब्बर दिसतो. मला उमरी दिसते. आणि गोलक हा शब्दसुद्धा आमच्याकडे परका नाही: नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात जी दानपेटी असते तिला गोलकच म्हणतात. स्टुडिओवाल्यांच्या मनात ते होतं की नाही कोण जाणे. माझ्या मनात आहे, तेवढं मला पुरतं.

आणि आता पळणारी भावंडं. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत पैनगंगा ही नुसती नदी नव्हती, सरहद्द होती. अलीकडे वऱ्हाड, म्हणजे स्वतंत्र भारत. पलीकडे हदगाव, म्हणजे निजामाचं राज्य. निजामाच्या बाजूनं लढणाऱ्या रझाकारांचा उपद्रव वाढला तशी तिकडची कुटुंबं रात्री नदी उतरून इकडे येऊ लागली. सरहद्दीला लागून मुक्तिसंग्रामाचे कॅम्प पडले होते, आणि इकडच्या घरांच्या चुली दोन-दोन कुटुंबांसाठी पेटत होत्या. आमच्या गल्लीत एक म्हातारी होती, मी शाळेत असताना ती सत्तरीच्या उंबऱ्यावर. ती त्या रात्रींतली. थोरल्या भावानं तिला आणि तिच्या तान्ह्या लेकराला कमरेएवढ्या पाण्यातून आणलं, इकडच्या एका लांबच्या मावशीच्या हवाली केलं आणि त्याच पावली परत गेला, कारण घरी बाप आणि बैल होते. ती मावशी काय करायची? येणाऱ्याजाणाऱ्याला भाकरी घालायची. रस्त्याकडेचं घर, मोठा तवा, कोण कुठला विचारायचं नाही. तिच्या ओसरीवर मुक्कामाला असलेल्यांत कोण व्यापारी आणि कोण निरोप्या, हे तिला ठाऊक असायचं आणि तिच्या नवऱ्याला नसायचं.

आता सांगा, पोस्टकार्ड कोणतं? आगगाडीतून पळणारी भावंडं, रस्त्याकडेची चूल, तव्यामागे उभी असलेली आणि वेळ आली की कमरेला पदर खोचणारी म्हातारी. शेवटी भाऊ काळजावर दगड ठेवून बहिणीला तिच्या हवाली करतो. चारुक आणि राणीची ताटातूट पाहताना मला सातासमुद्रापलीकडचा कुणी गोरा प्रेक्षक आठवला नाही. पैनगंगेचा घाट आठवला. परक्याला दाखवायला केलेली वस्तू घरच्या माणसाला इतकी आतून ओळखू येत नसते. ढाब्यात ज्याला नुसता देखावा दिसतो, त्यानं ढाब्यावर आजवर फक्त जेवणच केलं आहे.

दोष नाहीत असं नव्हे. माझी स्वतःची तक्रार मोठी आहे: ती पोरं आपसात इंग्रजी बोलतात, आणि तेही असं जपून, जणू मुलाखतीला बसलीत. मारेकरी इन्क्विझिटर आपल्या नीरज कबींच्या आवाजात धमकावतो तेव्हा बरं वाटतं, पण माणूस म्हणून तो कुठलाच नाही, कुठल्याही ग्रहावर बदली करा. लढाई छान आहे आणि दहा वेळा पाहिलेली आहे. खानवलकरबाईंनी जेवढं धाडस सुरांत केलं तेवढं लेखकांनी बोलण्यात केलं असतं, तर म्हातारीच्या तोंडी एखादी अस्सल शिवी आली असती. हे मी भाच्याला सांगितलं तर तो चमकला. म्हणाला, “म्हणजे तुम्हाला ते कमी देशी वाटते?” हो बा. हाच माझा मुद्दा आहे. तुला ते फार गावठी वाटतं आणि मला पुरेसं गावठी वाटत नाही, आणि पाहणाऱ्यांची तक्रार तुझ्या बाजूनं वाढत गेली तर पुढचा स्टुडिओ गाव आणखी पुसत जाईल.

आपल्याकडे ही खोड मुळात नव्हती. १९७४ मध्ये जयंत नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावानं. स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. केंब्रिजला नावाजलेल्या माणसानं मराठीत अंतराळाची गोष्ट लिहिताना टोपणनाव घेतलं ते लाजेनं नव्हे. नाव पाहून परीक्षकांनी बक्षीस देऊ नये म्हणून. बक्षीस मिळालंच. कृष्णविवर मराठी नावाच्या माणसाला शोभतं का, असं तेव्हा कुणी विचारल्याचं माझ्या तरी वाचनात नाही. मधल्या पन्नास वर्षांत आपल्या डोळ्यांवर कसला पडदा आला, ते इंग्रजी शाळांना विचारावं की केबल टीव्हीला, मला ठाऊक नाही. दोघांचंही शुल्क मीच भरलंय.

२०२५ च्या ऑक्टोबरात व्हिजन्सचा तिसरा सीझन आला. पुन्हा सगळा जपानी. पहिल्या सीझनमधल्या काही कथांना त्यात पुढचे भाग मिळाले, ‘द ड्युएल’ला मिळाला, ‘नाइन्थ जेडाय’ला मिळाला. राणीचं पुढे काय झालं, चारुक एकटा कुठे गेला, त्याचा पत्ता नाही. चाहत्यांनी बोंब मारायची असते ती याच्यासाठी. जपानी पोरांनी आपल्या कथेवर प्रेम केलं, चित्रं काढली, पुढचा भाग मागितला. आमची पोरं ढाब्याला छप्पर पत्र्याचं का, यावर अडून बसली.

त्या रात्री शेवटी त्यानं लावलं एकदाचं. बघून झालं तेव्हा बराच वेळ काही बोलला नाही, रिमोटच्या मागचं झाकण काढघाल करत बसला. मग म्हणाला, “मामा, त्या तुमच्या म्हातारीचा भाऊ वापस आला का?”

आला. निजामाविरुद्ध भारताची पोलीस ॲक्शन झाली, रस्ता मोकळा झाला, महिन्याभरात बैलगाडी घेऊन बहिणीला न्यायला आला. ओसरीवर बसून दोन भाकरी खाल्ल्या, आणि पहिली तक्रार अशी केली की चार महिन्यांत हिची बोली पार वऱ्हाडी झाली.